अर्ध्या एकरावर ड्रॅग हॅरो कसा चालवायचा: मुंबईत राहून गावाकडची जमीन कसणाऱ्यांसाठी

कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, पेण या पट्ट्यात वीस-तीस गुंठे जमीन आणि राहायला मुंबई, अशी बरीच घरं आहेत. नांगरट करून घेणं त्यांना जमतं, कारण ट्रॅक्टरवाला तासावर येतो आणि फाळ मारून जातो. घोडं अडतं ते त्यानंतर. शेतभर डोक्याएवढी ढेकळं पडलेली असतात, त्यात बी टाकता येत नाही, आणि कुणीतरी सांगतं, "रोटाव्हेटर मारून घ्या." रोटाव्हेटरने माती बारीक होते खरी, पण दर वर्षी तोच मारला तर वरची माती पिठासारखी होते आणि खाली कडक थर धरतो. छोट्या तुकड्याला बऱ्याचदा त्याची गरजच नसते. मागे ओढायची दात्यांची लोखंडी चौकट, म्हणजे ड्रॅग हॅरो, पुरते.

हा हॅरो नांगराचं काम करत नाही. तो वरची तीन-चार बोटं माती हलवतो, ढेकळं फोडतो, उंचवट्याची माती खड्ड्यात नेतो, कोवळं तण उपटतो आणि पेरलेल्या बियांवर माती ओढतो. कधीच न नांगरलेल्या कडक माळावर तो नुसता खडखडत जाईल. आणि तो चांगला चालणार की नाही हे लोखंडावर कमी आणि मातीतल्या ओलीवर जास्त ठरतं. म्हणून हॅरो बनवायच्या आधी माती बघायला शिका.

१. आधी वाफसा ओळखा

पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर जमीन एका अवस्थेला येते, जिथे ती चिकटतही नाही आणि दगडासारखी कडकही नसते. तो वाफसा. हॅरो चालवायची वेळ तीच.

शेतात मधोमध जा. बांधाकडेची माती आधी सुकते, ती फसवते. चार बोटं खोल उकरून मूठभर माती घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा झालेला दिसला पाहिजे. आता तो छातीच्या उंचीवरून जमिनीवर सोडा.

- गोळा पडला आणि तीन-चार तुकडे होऊन विखुरला: वाफसा आहे, कामाला लागा.
- गोळा तसाच राहिला, किंवा दाबताना हाताला चकाकी आली आणि बोटांचे ठसे गुळगुळीत उठले: ओल जास्त आहे, थांबा.
- गोळा झालाच नाही, भुकटी होऊन बोटांतून गळाली: उशीर झाला. ढेकळं फुटणार नाहीत, फक्त इकडची तिकडे लोळतील.

ओल्या मातीत हॅरो घातला तर काय होतं? दात्यांना चिखल गुंडाळतो, दात्यांची काठी होते, आणि चौकट माती न हलवता जमीन लिंपत जाते. ती लिंपलेली माती वाळली की विटेसारखी होते. ठाणे-रायगडच्या भाताच्या खाचरांत चिकणमाती भरपूर, तिथे ही चूक महाग पडते; पुढचा हंगाम त्याच ढेकळांशी झगडण्यात जातो. तांबड्या, मुरमाड वरकस (भात न पिकणाऱ्या, उंचावरच्या) जमिनीत वाफसा लवकर येतो आणि लवकर जातोही. काळ्या-चिकण खाचरात तो उशिरा येतो, पण येतो तेव्हा दोन-तीन दिवसच टिकतो.

मुंबईकरांची खरी अडचण इथेच आहे. वाफसा बुधवारी येतो आणि तुम्ही शनिवारी पोहोचता. शेजारच्या शेतातल्या काकांना किंवा राखणीला असलेल्या दादांना ही मुठीची परीक्षा सांगून ठेवा; बहुतेकांना ती तुमच्यापेक्षा चांगली येत असते. "माती फुटायला लागली की फोन करा" एवढं सांगा. फोन आला तर अर्धा दिवस रजा काढून जा, किंवा काम त्यांच्याकडूनच करून घ्या. रविवारीच करायचं म्हणून ओल्या मातीत चौकट घालू नका.

२. वर्षात कधी चालवायचा

मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. आजूबाजूच्या तालुक्यांत थोडाफार फरक धरा आणि काम या दोन तारखांच्या बाहेर बसवा.

भात कापल्यावर, दिवाळीच्या आसपास, जमिनीत ओल असते. वाल, हरभरा, मूग याच ओलीवर येतात. कापणी, हलकी नांगरट, लगेच हॅरो, लगेच पेरणी, हे सगळं चार-पाच दिवसांत उरकायला हवं. मध्ये आठवडा गेला तर ओल उडून जाते. वर्षातला सगळ्यात फायद्याचा हॅरो हाच.

दुसरी वेळ मे महिन्यातली. उन्हाळी नांगरटीनंतर वळवाचा एखादा पाऊस पडला की ढेकळं आपोआप ठिसूळ होतात. त्यावर एकच हात फिरवा, म्हणजे हॅरो एकदाच शेतभर न्या. उतारावरच्या जमिनीत मे महिन्यात माती बारीक करून ठेवू नका. जूनच्या पहिल्या दणक्यात बारीक माती वाहून ओढ्याला जाते आणि उरलेल्यावर पापुद्रा धरतो. मुठीएवढी ढेकळं राहिली तर पाणी मुरतं. बारीक माती फक्त जिथे बी पडणार आहे तिथेच लागते.

भाताच्या चिखलणीला (लावणीआधी पाण्यात माती कालवायला) हा हॅरो वापरायचा नाही. ते काम वेगळं, अवजारही वेगळं.

३. लागणारं सामान आणि कागद

हॅरोसाठी:
- ५० × ५० × ६ मिमीचा लोखंडी अँगल (इंग्रजी एलच्या आकाराची पट्टी), ६ मीटरची एक लांबी (साधारण २७ किलो)
- दात्यांसाठी १६ मिमीची सळई, ४.५ मीटर (साधारण ७ किलो)
- ८ मिमी जाड कडीची साखळी, ४ मीटर
- एक जाड लोखंडी कडं आणि तीन डी-शॅकल (साखळी जोडायच्या, पिन काढता येणाऱ्या कड्या)

कामाच्या दिवशी: गमबूट, जाड हातमोजे, कुदळ, घमेलं, पक्कड, बांधायची तार, हद्द आखायला चुना आणि सुतळी, वजनासाठी रेती भरलेल्या दोन गोण्या.

कागद: सातबारा आणि मोजणीचा नकाशा. हॅरो चालवायला मोजणीचा नकाशा कशाला, असं वाटेल. कारण पाचव्या पायरीत आहे. अवजारासाठी सरकारी अनुदान हवं असेल तर अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या अवजाराचं बिल तिथे चालत नाही. आधी खरेदी आणि मग अर्ज, अशा उलट्या क्रमाने अनेकांचं अनुदान जातं. घरी बनवलेल्या चौकटीसाठी मात्र त्या फंदात पडण्यात अर्थ नाही. खर्चच तेवढा नसतो.

साखळी, कडं, शॅकल मुंबईतून घ्या. नागदेवी स्ट्रीटवर नवं मिळतं, रे रोडच्या दारूखान्यात जहाजांतून निघालेलं जुनं पण दणकट मिळतं. जुनी साखळी घेताना प्रत्येक कडी हातात फिरवून बघा. जिथे दोन कड्या घासतात तिथे धातू झिजून बारीक झालेला असतो. एखादी कडी तिथे पाव भागाहून जास्त झिजलेली दिसली तर ती साखळी सोडा. अँगल आणि सळई गावाजवळच्या तालुक्याच्या गावातच घ्या आणि वेल्डिंगही तिथेच करा. टेम्पोभाडं वाचतं, आणि मोठा फायदा म्हणजे दाता तुटला तर ज्याने जोडला तोच माणूस दहा मिनिटांवर असतो.

४. चौकट बनवणं

वेल्डरला तोंडी सांगू नका. कागदावर काढून द्या, मापं लिहून.

अँगलचे १२० सेंमीचे तीन आडवे तुकडे आणि ९० सेंमीचे दोन उभे तुकडे कापा. उभे तुकडे बाजूला, आडवे तीन त्यांच्यावर: एक पुढे, एक मधोमध, एक मागे. दोन आडव्यांत साधारण ४५ सेंमी अंतर येतं. हे अंतर कमी करू नका, नाहीतर धसकटं आणि हराळीच्या वेली दोन ओळींत अडकून चौकट दर दहा पावलांवर तुंबते. ६० सेंमी अँगल उरतो, तो कोपऱ्यांना तिरके आधार द्यायला वापरा.

सळईचे २० सेंमीचे २२ दाते कापा. खालचं टोक ग्राइंडरने तिरकं छाटून घ्या, सुईसारखं नको. प्रत्येक दाता अँगलच्या उभ्या बाजूला ५ सेंमी टेकवून दोन्ही अंगांनी वेल्ड करायचा, म्हणजे खाली १५ सेंमी उरतो.

दात्यांच्या जागा नीट ठरवणं महत्त्वाचं. प्रत्येक ओळीत दोन दात्यांमध्ये १५ सेंमी. डाव्या टोकापासून मोजा:
- पुढची ओळ: पहिला दाता ७.५ सेंमीवर, एकूण ८ दाते
- मधली ओळ: पहिला १२.५ सेंमीवर, एकूण ७
- मागची ओळ: पहिला १७.५ सेंमीवर, एकूण ७

यामुळे एकाही दात्यामागे दुसरा दाता येत नाही आणि जमिनीवर दर ५ सेंमीला एक रेघ उठते. तिन्ही ओळी एकाखाली एक लावल्या, आणि घाईतला वेल्डर तेच करतो, तर १५ सेंमीच्या पट्ट्या तशाच राहतात आणि तुम्ही दहा वेळा फिरलात तरी मधली ढेकळं फुटत नाहीत. वेल्डिंगच्या आधी खडूच्या खुणा स्वतः करा.

तयार चौकट ३४ किलोच्या आसपास भरते. दोन माणसांना उचलता येते.

ओढण्यासाठी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना दीड-दीड मीटरची साखळी लावा, दोन्ही टोकं कड्यात आणा, म्हणजे इंग्रजी व्हीचा आकार होतो. कड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत उरलेली एक मीटर. साखळी आखूड आणि बांधायची जागा उंच असली की चौकटीचं नाक वर उचललं जातं आणि फक्त मागची ओळ काम करते. चालताना बाजूने बघा. तिन्ही ओळी सारख्या टेकत नसतील तर साखळी दोन-तीन कड्यांनी वाढवा.

चौकट बनवायची नसेल आणि फक्त बी झाकायचं किंवा शेणखत पसरायचं असेल, तर कुंपणाच्या जाळीचा चार बाय पाच फुटी तुकडा, पुढे आडवा पाइप आणि वर वजनाला एक-दोन फांद्या, एवढ्यावर भागतं. ढेकळं मात्र त्याने फुटत नाहीत.

५. शेत तपासा, हद्द आखा

ओढण्याआधी पूर्ण शेत पायी फिरा. मोठे दगड, तारा, ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या गोण्या, बाटल्यांच्या काचा उचला. एक नायलॉनची दोरी दात्यांत गेली की ती कापून काढण्यात अर्धा तास जातो. गवतात किंवा धसकटांत हात घालण्याआधी काठीने आपटा. या भागात घोणस, फुरसं, मण्यार, नाग चारही आहेत. गमबूट घातल्याशिवाय शेतात पाऊल नको. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राचा नंबर फोनमध्ये हवा, १०८ पाठ हवा.

मग हद्द. मोजणीच्या नकाशावरून हद्दीचे दगड शोधा आणि त्यांच्यामधून सुतळी ताणून चुना टाका. चुन्याच्या आत अर्धा मीटर सोडूनच हॅरो फिरवा. दाता बांधाला लागला की दर फेरीला मूठभर माती खाली येते, आणि "मुंबईवाल्यांनी बांध कोरला" ही गोष्ट गावात संध्याकाळपर्यंत पोहोचते. हद्दीचा दगड हलला तर प्रकरण तिथेच थांबत नाही. ट्रॅक्टर चालवणारा दादा गावचा असला तरी चुना तुम्हीच टाका आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. त्यांना वेळ असेल तर उभं राहायला बोलवा.

६. जोडणी

अर्ध्या एकराला १८-२० एचपीचा छोटा ट्रॅक्टर भरपूर झाला. बैलजोडी मिळाली तर अजून चांगलं: कोपऱ्यात वळता येतं आणि माती दबत नाही.

ट्रॅक्टरला साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला, लावायची. वरच्या लिंकला, सीटच्या मागच्या पट्टीला किंवा ॲक्सलच्या वर कधीच नाही. दाते एखाद्या झाडाच्या मुळांत अडकले आणि ओढ उंचावरून असली, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे एका क्षणात होतं. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. चालक कितीही अनुभवी असला तरी साखळी कुठे लावली ते वाकून बघा, आणि चुकीची असेल तर काम सुरू होऊ देऊ नका.

वजन लागलं तर रेतीच्या गोण्या चौकटीवर तारेने घट्ट बांधा. माणूस उभा करू नका. बैलांच्या फळीवर माणूस उभा राहायची पद्धत जुनी आहे, पण ट्रॅक्टरमागच्या दात्यांवर ती चालत नाही; पाय घसरला तर तो दात्यांखालीच जातो. लहान मुलांना तर शेताच्या आतच येऊ देऊ नका. सुट्टीच्या दिवशी भाचरं-पुतणे सोबत आलेली असतात आणि चौकटीवर बसायचा हट्ट करतात. तेवढा वेळ कुणीतरी मोठ्याने त्यांना घराकडे सांभाळावं.

७. ओढणं

वेग चालत्या माणसाचा, ताशी ४ किमी. जोरात गेलं की दाते उड्या मारतात आणि ढेकूळ फुटण्याऐवजी बाजूला उडतं.

पहिला हात नांगरटीच्या तासांना, म्हणजे नांगराने पाडलेल्या सऱ्यांना, तिरका मारा. तासांच्याच दिशेने गेलात तर दाते सरीत घसरतात. उतार असेल तर मात्र दिशा एकच: उताराला आडवी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर वीतभर चढवा, नाहीतर मध्ये न फुटलेली पट्टी राहते.

हिशोब असा. २० गुंठे म्हणजे साधारण २०२३ चौरस मीटर. एका फेरीत नवीन जमीन ९० सेंमी धरली तर सव्वादोन किलोमीटर चालणं होतं. ताशी ४ किमीने ३५ मिनिटं, वळणं धरून पाऊण तास. दोन हात म्हणजे दीड तास. ट्रॅक्टरवाल्याशी तास ठरवताना हा आकडा जवळ ठेवा. तो शेतावर पोहोचल्यापासून मोजायचं की घरून निघाल्यापासून, हेही आधी बोलून घ्या.

वळायला दोन्ही टोकांना तीन मीटर जागा सोडा आणि मोठं, गोल वळण घ्या. एकदम वळलं तर साखळी चाकाला लागते. आणि रिव्हर्स अजिबात नाही: चौकट मागच्या चाकाखाली जाते, दाते टायरमध्ये घुसतात किंवा ती उभी राहून चालकाच्या पाठीवर येते. कोपऱ्यात अडकलात तर साखळी सोडा, ट्रॅक्टर काढा आणि चौकट हाताने फिरवा.

दर दोन-तीन फेऱ्यांनी दाते तुंबतील. थांबा, न्यूट्रल, ब्रेक, इंजिन बंद, मगच चौकट एका बाजूने उचलून कचरा काढा. "चालू राहू द्या, दोन मिनिटांचं काम आहे" असं चालक म्हणेल. ऐकू नका.

दात्यांना आलेल्या हराळीच्या वेली शेतात परत टाकू नका. प्रत्येक पेरातून नवीन रोप फुटतं. घमेल्यात गोळा करून दगडावर, कडक उन्हात, कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, तोवर खतखड्ड्यातही नको. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, तिथे हा हॅरो पोहोचत नाही. वरचं पान तुटतं आणि पंधरा दिवसांत परत येतं. त्याच्यासाठी कुदळच.

८. कधी थांबायचं

वाल-हरभऱ्याला माती पिठासारखी लागत नाही. बहुतेक ढेकळं लिंबाएवढी किंवा त्याहून लहान झाली, आणि चालताना बूट घोट्यापर्यंत न रुतता बोटभरच रुतू लागला, की झालं. दोन हात पुरतात. तिसऱ्या हाताची गरज वाटत असेल तर बहुधा वाफसा निघून गेलेला असतो. अजून फिरवून उपयोग नाही, हलकं पाणी द्या आणि दोन दिवसांनी बघा.

बी फोकून टाकल्यावर झाकायला शेवटचा हात मारायचा असेल तर चौकट उलटी करा, दाते वर आणि अँगल खाली, नाहीतर जाळी वापरा. सरळ दात्यांनी काही बी खोल जातं, काही उघडं राहतं आणि उगवण तुकड्या-तुकड्यांत होते. त्यानंतर चार फुटी जड फळी, देशावर जिला मैंद म्हणतात, एकदा फिरवली की ओल दाबून धरली जाते.

९. नंतर

चौकट रस्त्यावरून ओढत नेऊ नका. डांबरावर दाते लवकर झिजतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीला धोका. ट्रॉलीत, दाते खाली करून न्या. त्याच दिवशी माती धुऊन काढा, वेल्डिंगच्या जागा बोटाने तपासा. केसाएवढी चीर दिसली तर पुढच्या कामाआधी जोडून घ्या. दाते झिजून खाली १० सेंमीच उरले की बदला. मेअखेरीस रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) एक हात द्या आणि पडवीत, जमिनीपासून वर, दाते भिंतीकडे करून टांगा. साखळी वेगळी काढून तेल लावा आणि कोरड्या गोणीत ठेवा, नाहीतर कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटीत कड्या एकमेकींना धरतात.